फुललेला पिटुनिया उपटायचा की नाही? (हिवाळी बाग कधी आवरता?)

मीठमोहरी | ४ फेब्रुवारी

दरवर्षी रथसप्तमीच्या आसपास आमच्या घरात हा वाद निघतो. म्हटलं यंदा इथेच निकाल लावू.

पुण्यात कोथरूडला गच्चीवर बाग आहे. कुंड्या, दोन अर्धे ड्रम आणि जुन्या बाथटबमध्ये केलेला एक वाफा. जागा वाढायची शक्यता नाही, कारण उरलेली गच्ची वाळवणाची आहे आणि तिच्यावर सासूबाईंचा ताबा आहे. सध्या पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस ऐन भरात आहेत. शेवंती संपत आली तरी रंग धरून आहे. मेथी-कोथिंबीर अजून खुडतेय, टोमॅटोला खालपर्यंत घोस आहेत. आणि नेमकं याच वेळी भेंडी, गवार, काकडी, दोडका पेरायला हवेत. उशीर केला की रोपं एप्रिलच्या उन्हात कोवळी सापडतात आणि फळ धरायच्या आत पानं करपतात.

म्हणजे डोळ्यांसमोर फुललेलं उपटायचं आणि उगवेल की नाही याची खात्री नसलेलं लावायचं. माझा हात धजत नाही. नवरा म्हणतो होळीपर्यंत थांब. सासूबाई म्हणतात, संक्रांत झाली की थंडीचं काही खरं नाही, उपट.

तुम्ही कधी आवरता? आणि कशावरून ठरवता?

आळशी_माळी | ४ फेब्रुवारी

मी काहीच उपटत नाही. मार्चमध्ये ऊन येतं आणि स्वतः आवरून जातं. मला सुट्टी.

शेंडेफळ | ४ फेब्रुवारी

आळशी_माळींना जोरदार अनुमोदन. आमच्या घराचंही हेच धोरण आहे, बागेपुरतं नाही, सगळ्याच बाबतीत.

मीठमोहरी, आधी फोटो टाका. बाथटबमधला वाफा बघितल्याशिवाय मत देणार नाही.

कुंडलिक | ४ फेब्रुवारी

तारीख बघू नका, पहाट बघा.

पुण्यात फेब्रुवारीत दुपारी ३२ पर्यंत पारा जातो, त्यामुळे आपल्याला वाटतं उन्हाळा आला. पण पहाटे अजून १२-१३ असतो आणि कुंडीतली माती रात्रभर त्यातच गार होते. भेंडीच्या बियांना कोमट माती लागते. माती १७-१८ अंशांच्या खाली असेल तर बी नुसतं पडून राहतं, आणि आपण काळजीपोटी रोज पाणी घालतो म्हणून कुजतं. मग बियाणं वाईट निघालं म्हणून दुकानदाराला शिव्या. पहाटे उठून पंखा नकोसा वाटतोय तोवर भेंडी-गवारीची घाई करू नये, हा माझा साधा हिशेब. पेरायच्या आदल्या रात्री भेंडीचं बी पाण्यात भिजत घाला, कवच टणक असतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. यात उपटायचं की नाही हा पेच मुळात पडायलाच नको. काकडी, दोडका, दुधी, कारलं यांची रोपं आधी कागदी कपात करा. चहाचे कप चालतात, तळाला भोक पाडायचं, एका कपात एकच बी. कप दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावून ठेवा, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. दोन खरी पानं आणि तिसऱ्याचा कोंब आला की मातीच्या गोळ्यासकट कुंडीत. वेलवर्गीयांना मुळं दुखावलेली खपत नाहीत, म्हणून कप फाडून काढायचा, रोप ओढायचं नाही. तेवढ्या वेळात पिटुनिया आपला फुलून घेईल.

भेंडी-गवार मात्र जागेवरच पेरा. सोटमूळ खोल जातं, बदली मानवत नाही.

मीठमोहरी | ४ फेब्रुवारी

कुंडलिक, हे फारच कामाचं. कपांची आयडिया आवडली. आमच्याकडे चहाचे कप मुबलक आहेत, नवऱ्याचं मित्रमंडळ मोठं आहे.

खडूस_काकू | ५ फेब्रुवारी

मी सासूबाईंच्या बाजूची. उपटा.

हिवाळी फुलझाडांचा मोह फार वाईट. जानेवारीअखेर एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जायचं, तिथले ताटवे बघून वेडं व्हायचं, येताना नर्सरीतून फुललेल्या कुंड्या उचलायच्या, आणि मग त्या मार्चमध्ये माना टाकतात म्हणून हळहळायचं. अहो, ते झाड विकत घेतलं तेव्हाच त्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य संपलेलं होतं! पिटुनिया हे आपल्याकडे एका हंगामाचं झाड. पैसे वसूल झाले, आता निरोप द्या.

आणि नुसता जागेचा प्रश्न नाही. फेब्रुवारीअखेर हवा कोरडी आणि गरम झाली की या थकलेल्या झाडांवर पहिल्यांदा लाल कोळी येतो. पानं वरून बारीक पांढुरक्या ठिपक्यांनी भरलेली दिसतात, उलटून बघितलं तर बारीक जाळी. तिथून तो गुलाबावर जातो, मग भेंडीवर, मग वांग्यावर. आजारी झाड फुलतंय म्हणून ठेवून द्यायचं आणि पुढे तीन महिने फवारत बसायचं, हे मला पटत नाही.

कुंडलिक | ५ फेब्रुवारी

काकू, लाल कोळ्याचं एकदम मान्य. त्यात एक भर घालतो: तो किडा नाही, कोळीवर्गातला आहे. लोक दुकानातून साधं कीटकनाशक आणून फवारतात, त्याने कोळी मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो दुप्पट वाढतो. पानांच्या खालून साध्या पाण्याचा जोरदार फवारा, एक दिवसाआड, हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्याला ओलावा आवडत नाही.

पण सगळं सरसकट उपटा हे नाही पटत. वरून अर्धं छाटून थोडं शेणखत घातलं तर पिटुनिया आणखी एक बहर देतो.

खडूस_काकू | ५ फेब्रुवारी

देतो, पण काय दर्जाचा? चिमुकली, फिकट फुलं. असो. ज्याची त्याची गच्ची.

बाल्कनीबहाद्दर | ५ फेब्रुवारी

मुंबईकरांना या चर्चेत प्रवेश आहे का? आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी लोकलच्या दारात उभं राहिल्यावर वाटते ती.

पण ऋतू बदलताना आम्हा बाल्कनीवाल्यांना एक वेगळाच त्रास होतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. ऊन सरकतं! माझी बाल्कनी दक्षिणमुखी. डिसेंबरात मुंबईत दुपारचा सूर्य जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन थेट आत दिवाणखान्याच्या सोफ्यापर्यंत येतं. टोमॅटो, मिरच्या खूश. मार्चच्या विषुवदिनी तोच सूर्य ७१ अंशांवर जातो आणि वरच्या मजल्याची बाल्कनी छत्री धरून उभी राहते. ऊन कठड्यापाशी अडतं. मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत दुपारी थेट ऊन शून्य.

लोकांना वाटतं उन्हाळा आला म्हणजे ऊन वाढलं. गरमी वाढते, ऊन कमी होतं. तेव्हा माझ्यासारख्यांनी फेब्रुवारीत भेंडी-काकडीच्या फंदात पडू नये. मी अळू, पुदिना, गवती चहा, खाऊची पानं याकडे वळतो. उत्तरमुखी बाल्कनीवाल्यांचं बरोब्बर उलटं, त्यांचे अच्छे दिन एप्रिलनंतर.

शेंडेफळ | ५ फेब्रुवारी

बाप रे. मी इतकी वर्षं समजत होते की माझा मोगरा रुसलाय. बाल्कनीबहाद्दर, या एका पोस्टसाठी धागा वाचनखुणेत टाकला.

पाचोळा | ६ फेब्रुवारी

मोगऱ्याचा विषय निघालाच आहे तर विचारून घेतो. छाटणी आता करायची ना? आई म्हणते पानंसुद्धा ओरबाडून काढायची. मला ते क्रूर वाटतं.

खडूस_काकू | ६ फेब्रुवारी

आईचं ऐका. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं. त्यामुळे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात त्याला जागं करायचं. आधी पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या काढायच्या, बाकीच्या साधारण निम्म्या छाटायच्या, उरलेली पानं काढून टाकायची. मग वरची माती मुळं न दुखावता थोडी उकरून एखाद-दोन दिवस ऊन खाऊ द्यायची. नंतर शेणखत, मूठभर नीमपेंड आणि भरपूर पाणी. दीड महिन्यात कळ्या दिसतात. दिवसभर ऊन असेल तरच, नाहीतर नुसती हिरवीगार पानं मिळतील आणि तुम्ही परत इथे येऊन विचाराल.

कुंडलिक | ६ फेब्रुवारी

काकूंच्या कृतीला एक तळटीप. पाणी तोडणं जमिनीतल्या मोगऱ्याला ठीक. लहान कुंडीत माती एवढीशी, ती दोन दिवसांत ठणठणीत होते, झाड मरूही शकतं. कुंडीतल्याला पाणी नुसतं कमी करा. आणि पानं ओरबाडताना देठाच्या बगलेतला डोळा शाबूत राहायला हवा, नवी फूट तिथूनच येते. खालून वर खेचायचं नाही, एकेक पान खुडायचं.

पालघरकडे जव्हार-विक्रमगड भागात आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या बागा उभ्या केल्यात, कळ्या दादरच्या फूलबाजारात येतात. त्या बागा छाटणीनंतर बघितल्या तर वाटतं सगळं जळालं. महिन्याभराने ओळखू येत नाहीत.

नवशिकी | ७ फेब्रुवारी

नमस्कार, मी इथे नवीन. वालाच्या वेलावर शेंड्याला काळा मावा भरलाय, मुंग्या पण आहेत. आणि त्यातच काळपट, लांबुळके, केसाळ, नारिंगी ठिपके असलेले किडे फिरताहेत. फार किळसवाणे दिसतात, सुसरीसारखे. ते जास्त नुकसान करत असणार. चिरडू का?

कुंडलिक | ७ फेब्रुवारी

थांबा!!! हात लावू नका त्यांना.

खडूस_काकू | ७ फेब्रुवारी

अगं ती ढालकिड्याची पिल्लं आहेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोंडस किडा बघितला असशील ना, लेडीबर्ड म्हणतात तो, त्याच्या अळ्या. मावाच खातात त्या, आणि मोठ्या किड्यापेक्षा जास्त अधाशीपणे. आठवडाभर थांब आणि फक्त मुंग्यांचा बंदोबस्त कर. माव्याच्या अंगातून गोड चिकटा येतो, तो चाटायला मुंग्या येतात आणि मोबदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात.

नवशिकी | ७ फेब्रुवारी

अय्यो! बरं झालं विचारलं. चप्पल हातात घेऊनच टाइप करत होते.

संत्रानगरी | ८ फेब्रुवारी

नागपूरहून हजेरी लावतो. पुण्याची थंडी आणि पुण्याचा उन्हाळा, दोन्ही आम्हाला वसंतच वाटतो, हलके घ्या.

इकडे या दिवसांत अंगण वासाने भरलेलं असतं, संत्र्याला आणि लिंबाला आंबिया बहार आलेला असतो. घरच्या एक-दोन झाडांनाही तोच नियम: डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यायचा, पानं थोडी गळू द्यायची, जानेवारीत खत-पाणी, की फूट आणि फुलं एकदमच बाहेर पडतात. ताण न दिलेलं झाड वर्षभर चार-चार फुलं दाखवत बसतं, पोटभर काहीच देत नाही.

उपटण्याबद्दल बोलायचं तर आमच्याकडे घाई करण्यात अर्थ नाही, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचा नेम नसतो. २०१४ सालच्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत अर्ध्या महाराष्ट्राला झोडपलं होतं ते आठवत असेल. तेव्हापासून माझी कोवळी रोपं व्हरांड्यात असतात, आभाळ बघितल्याशिवाय बाहेर काढत नाही.

वाडीतली_पोर | ८ फेब्रुवारी

वेंगुर्ल्याकडून देव बरें करो! संत्र्याच्या वासावरून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे सध्या सुरंगीचे दिवस. फांदीला चिकटून कळ्यांचे झुबकेच्या झुबके असतात. कळी उमलायच्या आत काढायची, म्हणून उजाडायच्या आधीच माणसं झाडावर चढतात. ऊन वर आलं की झाड मधमाश्यांच्या ताब्यात. गजरा सुकला तरी वास जात नाही, आजीच्या पेटीत मागच्या वर्षीचा वळेसर अजून आहे.

काजू मोहोरलाय, आंब्याचं मात्र विचारू नका. पहिल्या मोहोराची कैरी वाटाण्याएवढी झाली आणि थंडी परत पडली, झाडाने परत मोहोर काढला. आता सगळा जोर नव्या मोहोराला, जुनी कैरी गळतेय. पुनर्मोहोर म्हणतात याला, हापूसचं जुनंच दुखणं.

शेंडेफळ | ८ फेब्रुवारी

वाडीतली_पोर, सुरंगी कुरियरने येते का? तुमच्या पानावर विचारपूस (विपू) केली आहे.

पाचोळा | ९ फेब्रुवारी

आंब्यावरून: माझ्या ड्रममधल्या केशरच्या कलमाला या वर्षी पहिल्यांदा मोहोर आलाय. लावून दोन वर्षं होतील. पण मोहोरावर पीठ शिंपडल्यासारखं दिसतंय, आणि फांदी हलवली की पाचरीसारखे बारीक किडे तुडतुडत उडतात. खालच्या पानांवर चिकट. काय करू?

कुंडलिक | ९ फेब्रुवारी

पीठ म्हणजे भुरी रोग, उड्या मारतात ते तुडतुडे. ढगाळ हवा झाली की दोघंही जोरात. चिकट पडलंय त्याच्यावर पुढे काळी काजळी धरेल. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. भर उन्हात मारलं तर मोहोर भाजतो. तुडतुड्यांसाठी निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून. दोन्ही एकत्र करायचं नाही, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ देत. तेल आणि गंधक जमत नाही. फुलं उमललेली असताना तर फवारा शक्यतो नकोच. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्याच करतात, आपण ज्यांना हाकलतो त्याच.

पण खरं सांगू? कलम दोन वर्षांचं आहे ना, मोहोर खुडून टाका. पहिली तीन वर्षं झाडाला अंग धरू द्यावं.

पाचोळा | ९ फेब्रुवारी

खुडून?? पहिला मोहोर?? बायकोने कालच त्याच्यासोबत सेल्फी काढलाय.

आळशी_माळी | ९ फेब्रुवारी

पाचोळाभाऊ, तुमच्या घरी पिटुनियाच्या जागी आंबा, एवढाच फरक. या धाग्यावर येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी उपटायला नाहीतर खुडायला सांगतात. मी सेफ आहे.

जर्सीतली_मेथी | १० फेब्रुवारी

तुमच्या पोस्टी वाचून जळफळाट होतोय. न्यू जर्सीत आहे, बाहेर अंगण बर्फाखाली, जमीन दगड. आमचा वसंत आत्ता तळघरात दिव्याखाली सुरू होतो. मिरची-वांग्याचं बी फेब्रुवारीअखेर, टोमॅटो मार्चमध्ये ट्रेमध्ये, आणि ही पोरं बाहेर जाणार ती मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मदर्स डेला. इथले सगळे हाच मुहूर्त धरतात, कारण त्याआधी कधीही दहिवर पडून रोपं काळी पडू शकतात. बाहेर लावण्याआधी आठवडाभर रोज थोडा-थोडा वेळ उन्हा-वाऱ्यात ठेवायची, नाहीतर दिव्याखाली वाढलेलं रोप एका दुपारीत पांढरं पडतं.

मार्चअखेर डॅफोडिल वर येतात. ट्यूलिप लावून बघितले होते, पण ते हरणं खातात. डॅफोडिलला तोंड लावत नाहीत, विषारी असतात. म्हणून आमच्या गल्लीत सगळीकडे पिवळंच पिवळं.

कढीपत्ता मात्र घरात, खिडकीत, हिवाळाभर रुसलेला. सगळी पानं टाकून काड्या उरल्यात. मेला का हो?

खडूस_काकू | १० फेब्रुवारी

नखाने साल थोडी खरवड. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. पाणी अगदी कमी दे, खत देऊ नकोस, दिवस मोठा झाला की शेंडे खुड. पुण्यातसुद्धा थंडीत तो पिवळा पडतो आणि फेब्रुवारीत छाटला की झुडपासारखा फुटतो. तुझ्याकडे हेच एप्रिल-मेमध्ये होईल.

संत्रानगरी | १० फेब्रुवारी

जर्सीतली_मेथी, तुमच्याकडे कढीपत्त्याच्या रोपांची ने-आण करायला निर्बंध आहेत म्हणे?

जर्सीतली_मेथी | ११ फेब्रुवारी

हो, कॅलिफोर्निया, फ्लोरिडाकडे तर फारच. तिथल्या संत्र्यांना एका रोगाने पोखरलंय आणि तो पसरवणारा किडा कढीपत्त्यावरही राहतो. तिकडून रोप मागवायचं म्हणजे महाकठीण.

संत्रानगरी | ११ फेब्रुवारी

तो म्हणजे आमचा सायला! इकडे आंबिया बहाराच्या कोवळ्या फुटीवरच अंडी घालतो. कढीपत्ता लिंबूवर्गीयांचाच भाऊबंद, एकाच कुळातला. त्यामुळे लिंबाच्या शेजारी कढीपत्ता असेल तर दोघांचे शेंडे एकदमच तपासत जा मंडळी. कोवळी पानं आकसून वळलेली दिसली तर समजा पाहुणे आलेत.

शेंडेफळ | १४ फेब्रुवारी

विषयांतर: सोसायटीत पानगळ सुरू झाली. बदामाची लालभडक पानं, कडुनिंबाची पिवळी. सफाईवाले रोज ढीग करून पेटवतात, धूर थेट घरात. अध्यक्षांना सांगितलं तर म्हणतात, 'मग काय करायचं या कचऱ्याचं?'

कुंडलिक | १४ फेब्रुवारी

विषयांतर अजिबात नाही, उन्हाळ्याच्या तयारीतलं हेच पहिलं काम. तो ढीग मला द्या म्हणावं. कुंडीत मातीवर चार बोटं जाड पालापाचोळा पसरला की पाणी निम्म्याने वाचतं आणि एप्रिलमध्ये वरची मुळं भाजत नाहीत. उरलेला पोत्यात दाबून, ओला करून सावलीत ठेवा, दिवाळीच्या सुमाराला काळं खत तयार. बदामाचं पान जाड असतं, चुरून टाका. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून हेच सांगितलं, गच्चीवर विकतची माती चढवायची गरज नाही, उसाचं चिपाड आणि पाला पुरतो.

खोडाला मात्र चिकटवू नका, दोन बोटं मोकळी सोडा. बुंधा कुजतो.

मीठमोहरी | १५ फेब्रुवारी

धागा माझा, पण मी कुठल्या कुठे गेले! सगळं वाचतेय. कपांमध्ये काकडी आणि दोडका उगवलेत. पिटुनियाचा निर्णय अजून प्रलंबित.

काकू, शेवंतीचं काय करायचं? तीपण उपटू?

खडूस_काकू | १५ फेब्रुवारी

मी काय उपटण्याचं कंत्राट घेतलंय का? शेवंती मुळीच उपटायची नाही. फुलं संपली की जमिनीपासून वीतभर ठेवून छाट. बुडातून नवे फुटवे आलेले दिसतील, ते मुळासकट सोडवून लहान कुंड्यांत लाव आणि उन्हाळाभर विरळ सावलीत जगव. पाऊस लागला की मोठ्या कुंडीत. पिटुनिया हंगामी, शेवंती घरची. हा भेद ठेव.

कोथिंबीर फुलावर आली असेल तर तीही राहू दे. गरमी वाढली की ती फुलायचीच. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर मधमाश्या आणि मावा खाणाऱ्या माश्या येतात, आणि शेवटी घरचे धने मिळतात. पेरताना चोळून दोन फाका करायला विसरू नकोस.

बाल्कनीबहाद्दर | १६ फेब्रुवारी

उपटलेल्या पिटुनियाच्या जागी भाजी नको असेल तर ऑफिस टाइम (पोर्टुलाका) लावा. नुसती काडी खोचली तरी लागते, उन्हात मस्त, पाणी विसरलात तरी राग नाही. दुपारी मिटते, पण आपण तेव्हा घरी कुठे असतो!

शेंडेफळ | १ मार्च

आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजिराने घरटं टांगायला घेतलंय. कोळ्याची जाळी, वाळकं गवत, एक प्लास्टिकचा तुकडा पण. कपडे आता बेडरूममध्ये वाळतात. नवऱ्याने बिनशर्त शरणागती पत्करली आहे.

वाडीतली_पोर | १ मार्च

झब्बू द्या, म्हणजे फोटो टाका! (फोटो लांबून काढा हां, फ्लॅश नको.)

पाचोळा | ९ मार्च

जाहीर निवेदन: मोहोर खुडला नाही. भुरी आटोक्यात आली. वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या त्यातल्या बहुतेक गळाल्या. सात उरल्यात. घरात त्यांना नावं ठेवली गेली आहेत.

कुंडलिक | ९ मार्च

गळणारच. मोठ्या झाडावरसुद्धा मोहोराच्या मानाने शंभरात एक फळ टिकलं तरी चांगलं म्हणायचं. एवढ्याशा कलमावर सात फार झाली, दोन ठेवा. फांद्यांना आधार द्या. आणि तोंडं वाकडी करू नका, हे शेवटचं सांगणं.

मीठमोहरी | २८ मार्च

आली एकदाची सवड, हिशेब देते.

शेवटी अर्धी बाग आवरली. टोमॅटोचे वाळलेले वेल, मेथी, डायन्थस काढले. तिथे फेब्रुवारीअखेर भेंडी पेरली, आदल्या रात्री भिजवून. चौथ्या-पाचव्या दिवशी वर आली. सासूबाईंनी संक्रांतीनंतर लगेच त्यांच्या कुंडीत हट्टाने पेरलेली भेंडी आणि माझी आज सारख्याच उंचीच्या आहेत, त्यावर घरात कुणी बोलत नाही. काकडीचे वेल ड्रममध्ये छान चढलेत, पहिली काकडी बोटाएवढी आहे.

बाथटबमधला पिटुनिया ठेवला होता. कुंडलिक म्हणाले तसा छाटल्यावर फुलला, आणि काकू म्हणाल्या तशीच फुलं आली, बारीक आणि फिकट. दहा मार्चच्या सुमारास पानांवर ठिपके दिसले, उलटून बघितलं तर जाळी. त्याच दिवशी सगळा काढला, पिशवीत बांधून टाकला, खताच्या ढिगात नाही टाकला. शेजारच्या गुलाबाला पाण्याचे फवारे चालू आहेत, तो वाचेलसं दिसतंय.

खडूस_काकू | २८ मार्च

मी काही बोलले का?

कुंडलिक | २८ मार्च

काकू बोलल्या नाहीत याची नोंद घेण्यात यावी. मीठमोहरी, पुढच्या वर्षीही पिटुनिया ठेवा, पण फुलझाडं आणि भाज्या गच्चीच्या दोन टोकांना. कोळी वाऱ्यावर तरंगत जातो, अगदी शेजार नको.

मीठमोहरी | २८ मार्च

नक्की. आता शेवटची शंका. दोडक्याला फुलं आलीत, पण मी सकाळी सातला ब्रश घेऊन परागीभवन करायला जाते तेव्हा सगळी मिटलेली. काकडीची मात्र उघडी असतात. दोडका बिघडलाय का?

संत्रानगरी | २९ मार्च

बिघडला नाही, तुम्ही चुकीच्या वेळी जाताय. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, साधारण पाच-सहानंतर. गिलकं सकाळी, दोडका संध्याकाळी. सुरुवातीला घोसाने येतील ती नर फुलं, गळाली तर घाबरू नका. मादी फुलाच्या मागे बारीकसा दोडका असतो. ती आली की संध्याकाळी नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून तिच्यावर हलकेच टेकवा. ब्रश लागत नाही.

आळशी_माळी | २९ मार्च

सकाळी काकडी, संध्याकाळी दोडका, मधे ऑफिस. मी ऑफिस टाइमच्या काड्या खोचल्या आहेत. कुणाला हव्या असल्यास सांगा, रंग कुठला निघेल याची हमी नाही.